घर, शेजार आणि मन : पानशेतच्या पुराचा धडा

मनाच्या आरोग्याचा विषय निघाला की आपल्याला डॉक्टर आणि औषधे आठवतात. पण दार उघडले असता समोर कोण दिसते, मध्यरात्री मूल आजारी पडले तर कोणाची कडी वाजविता येते, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. पुण्याच्या इतिहासातील एका दिवसाने हेच प्रश्न हजारो कुटुंबांपुढे एकदम उभे केले. तो दिवस म्हणजे १२ जुलै १९६१.

त्या दिवशी सकाळी अंबी नदीवरील पानशेतचे धरण फुटले. काम पूर्ण होण्याआधीच त्यात पाणी साठले होते. लोंढा खाली खडकवासल्यास आला आणि तेथील इंग्रजी अमदानीतले धरणही टिकले नाही. मुठेचे पाणी नारायण, शनिवार, कसबा इत्यादी पेठांत शिरले आणि नदीकाठची घरे चिखलात बसली.

वाचकहो, त्या घरांबरोबर काय गेले हे नीट पाहिले पाहिजे. जुन्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे एका चौकाभोवती राहत. नळ एक, संडास सामाईक, खोल्या अंधाऱ्या. भांडणेही पुष्कळ होत. त्या राहणीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ओल, अंधार आणि गर्दी यांनीही मन खचते. परंतु त्याच चौकात एकट्या म्हातारीचे दार सकाळी उघडले नाही तर दहा जणांच्या ते ध्यानात येई. ही सोबत भाडेपावतीवर लिहिलेली नव्हती, म्हणून नुकसानीच्या यादीतही ती लिहिता आली नाही.

पुनर्वसनासाठी शहराबाहेर नव्या वसाहती उठल्या. गोखलेनगरला अर्धगोल छपरांच्या ‘निसन हट’ उभ्या राहिल्या. पर्वतीच्या बाजूस सहकारी सोसायट्यांतून सहकारनगर वसले. निसन हट हा प्रकार मूळचा १९१६ सालचा. पीटर निसन या लष्करी इंजिनिअरने पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या निवाऱ्यासाठी तो काढला होता. घाईच्या वेळी डोक्यावर छप्पर मिळाले, हे उपकार मोठेच. पण एका वाड्यातील कोणी निसन हटमध्ये, कोणी सोसायटीत, कोणी नातेवाइकांकडे गेले, की चौक कायमचा मोडला. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या सुलभा ब्रह्मे व प्रकाश गोळे यांनी या पुराचा आणि पुनर्वसनाचा अभ्यास केला. तो १९६७ साली ग्रंथरूपाने आला.

असाच प्रसंग पुढे अमेरिकेत घडला. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक खोऱ्यात कोळसा खाणीचा बांध फुटला. १२५ माणसे गेली, चार हजारांवर बेघर झाली. सरकारने त्यांना चाकांवरच्या तात्पुरत्या घरांत ठेवले; पण जुना शेजार पाहून जागा दिल्या नाहीत. काय एरिक्सन या समाजशास्त्रज्ञाने त्या लोकांची हकिकत ऐकून १९७६ साली ग्रंथ लिहिला. त्याचा निष्कर्ष असा, की पुराचा धक्का एक, आणि शेजार तुटल्याचा धक्का दुसरा. पहिला ओसरला तरी दुसरा माणसाला आतून पोखरीत राहतो.

आज पुण्यात पूर नसतानाही वाडे पडत आहेत आणि वस्त्या उंच इमारतींत जात आहेत. कोरडी, हवेशीर, स्वतंत्र संडासाची खोली मिळणे ही मनाच्या स्वास्थ्याची पहिली पायरी आहे. ती कोणी नाकारू नये. परंतु करारावर सही करताना चौरस फुटांबरोबर आणखी तीन गोष्टी मागून घ्याव्यात. जुने शेजारी शक्यतो एकाच मजल्यावर राहावेत. वृद्धांना जिन्यापाशी बसण्यास जागा असावी. मुलांना खेळण्यास मोकळी जमीन असावी. पानशेतच्या वेळी हे मागण्यास कोणाला उसंतच नव्हती. आपल्याला ती आहे.