परदेशातील ख्रिस्ती नेत्रसेवा मोहीम: स्वयंसेवक काय करतात आणि जाण्यापूर्वी काय पाहावे?

चर्च, मिशन किंवा ख्रिस्ती संस्थेतर्फे डॉक्टर, परिचारिका आणि वैद्यकीय शिक्षण नसलेले स्वयंसेवक यांचा गट दुसऱ्या देशात जातो. तिथे काही दिवस किंवा काही आठवडे राहून लोकांचे डोळे तपासतो, चष्मे देतो आणि सोय असेल तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियाही करतो. अशा दौऱ्याला नेत्रसेवा मोहीम म्हणतात. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन अशा देशांतून असे गट मुख्यतः आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आशियात जातात. प्रवासाचा व राहण्याचा खर्च बहुधा स्वयंसेवक स्वतः करतात किंवा ओळखीच्यांकडून, चर्चमधून वर्गणी काढून उभा करतात.

गरज किती मोठी आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना जवळचे किंवा लांबचे नीट दिसत नाही. त्यांतील किमान १०० कोटी लोकांचा त्रास टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपचार झालेले नाहीत. यामागची मोठी कारणे साधीच आहेत: चाळिशीचा चष्मा नसणे, लांबचा नंबर असूनही चष्मा नसणे आणि मोतीबिंदू. चष्मा काही मिनिटांत देता येतो आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही सहसा तासाभराच्या आत होते. त्यामुळेच थोड्या दिवसांच्या मोहिमेसाठी नेत्रसेवा सोयीची वाटते.

परंपरा कुठून आली?

येशूने आंधळ्यांना दृष्टी दिल्याच्या कथा शुभवर्तमानांत आहेत. यरीहोजवळच्या बार्तीमयाची कथा त्यांपैकीच. त्यामुळे ख्रिस्ती सेवाकार्यात दृष्टीला पूर्वीपासून महत्त्व आहे. जर्मन पाद्री अर्न्स्ट याकोब क्रिस्टोफेल यांनी १९०८ मध्ये ऑटोमन साम्राज्यातील मलात्या इथे अंध आणि अपंगांसाठी काम सुरू केले. आजची ‘सीबीएम’ ही संस्था त्यातूनच उभी राहिली. महाराष्ट्रात मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू केले. तिथे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियाही होत.

मात्र ही माणसे पाहुणी म्हणून आली नव्हती. वॉनलेस सुमारे चार दशके भारतात राहिले, तर क्रिस्टोफेल यांचे निधन १९५५ मध्ये इराणमध्ये काम करत असतानाच झाले. आठवड्याभराच्या मोहिमा ही विमानप्रवास सोपा झाल्यानंतरची गोष्ट आहे आणि त्यांच्यापुढचे बरेच प्रश्न या फरकातूनच निर्माण होतात.

शिबिरातील दिवस कसा असतो?

मराठी वाचकाला नेत्रशिबिर नवे नाही आणि परदेशातील शिबिराची रचनाही साधारण तशीच असते. आधी नावनोंदणी होते. मग सहा मीटरवरून तक्ता वाचून घेतात. अक्षरओळख नसलेल्यांसाठी चारही दिशांना वळवलेल्या ‘ई’ अक्षराचा तक्ता असतो. त्यानंतर ऑप्टोमेट्रिस्ट नंबर काढतात, डॉक्टर डोळा आतून तपासतात आणि शेवटच्या टेबलावर चष्मा किंवा औषधाचे थेंब मिळतात.

वैद्यकीय शिक्षण नसलेला स्वयंसेवक नोंदणी, रांग सांभाळणे, तक्ता दाखवणे, चष्मे लावून पाहणे ही कामे करतो. नंबर ठरवणे, औषध देणे, शस्त्रक्रियेला हात लावणे ही कामे त्याची नाहीत. आपल्या देशात जे करण्याची परवानगी नाही, ते परदेशातील गरिबांवरही करायचे नसते.

जुने चष्मे न्यावेत का?

घराघरांतून जुने चष्मे गोळा करून नेण्याची पद्धत जुनी आहे. पण प्रत्येक चष्मा धुवावा लागतो, त्याचा नंबर मोजावा लागतो, शिवाय तोच नंबर लागणारा माणूसही सापडावा लागतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दान आलेल्या २७५ चष्म्यांपैकी फक्त ७ टक्के वापरण्याजोगे निघाले. त्यापेक्षा चाळिशीचे नवे तयार चष्मे नेणे किंवा त्याच देशातील कारागिराकडून चष्मे बनवून घेणे बहुधा स्वस्त आणि उपयोगी ठरते. चष्मा मोडला की तो माणूस त्याच कारागिराकडे पुन्हा जाऊ शकतो.

शस्त्रक्रियेनंतर काय?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे थेंब घालावे लागतात. दुसऱ्या दिवशी आणि पुढेही काही वेळा तपासणी लागते. क्वचित डोळ्यात जंतुसंसर्ग होतो. तो सहसा पहिल्या काही दिवसांत दिसतो आणि काही तासांत उपचार न मिळाल्यास डोळा कायमचा जाऊ शकतो. तोपर्यंत पाहुणा डॉक्टर विमानात बसलेला असेल, तर रुग्णाने जायचे कुणाकडे? भारताच्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातही आता शिबिरात केवळ तपासणी करून शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला सुसज्ज रुग्णालयात नेण्यावर भर असतो.

‘मर्सी शिप्स’ या १९७८ मध्ये स्थापन झालेल्या ख्रिस्ती संस्थेने याला वेगळे उत्तर शोधले. तिची रुग्णालय-जहाजे आफ्रिकेतील एकेका बंदरात अनेक महिने मुक्काम करतात. स्वयंसेवक बदलत राहतात, पण रुग्णालय तिथेच असते. स्थानिक डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण देणे हाही तिच्या कामाचा भाग आहे. जहाजावरील स्वयंसेवक पगार घेत नाहीत.

उपचार आणि धर्मप्रचार

अनेक मोहिमांत दिवसाची सुरुवात गटाच्या प्रार्थनेने होते. ती स्वयंसेवकांची आपसातील बाब आहे. रुग्णाला मात्र चष्म्यासाठी प्रवचन ऐकावे लागले, तर तो नकार देण्याच्या स्थितीत नसतो. रेड क्रॉस आणि अन्य मदतसंस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेनुसार मदत धर्म न पाहता द्यायची असते आणि तिचा वापर धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी करायचा नसतो. काही देशांत कायदाही आड येतो. नेपाळच्या २०१७ च्या फौजदारी संहितेनुसार धर्मांतर घडवून आणणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी परदेशी व्यक्तीला शिक्षेबरोबर देशाबाहेरही काढता येते.

जाण्यापूर्वी काय विचारावे?

• बोलावणे कुणाचे आहे? स्थानिक रुग्णालय किंवा आरोग्य विभागाने गट मागवला आहे का?
• डॉक्टर आणि ऑप्टोमेट्रिस्ट यांना त्या देशात तात्पुरती वैद्यकीय परवानगी मिळाली आहे का? पर्यटक व्हिसावर हे काम चालते का?
• दुभाषा आहे का? थेंब कसे घालायचे, हे रुग्णाला त्याच्या भाषेत लिहून मिळते का?
• काचबिंदू किंवा मधुमेहाने बिघडलेला डोळा आढळल्यास रुग्णाला कुठे पाठवायचे, हे ठरले आहे का?
• गट परतल्यावर रुग्णाच्या नोंदी कुणाकडे राहतात आणि अडचण आल्यास त्याने कुणाला गाठायचे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या माणसाच्या आणि दवाखान्याच्या नावानिशी मिळाले, तर ती मोहीम जाण्याजोगी आहे. ते मिळत नसेल, तर तिकिटाचे पैसे त्या देशातील नेत्ररुग्णालयाला देणे रुग्णांच्या जास्त उपयोगाचे ठरते.