मे महिन्यातला पहिला गुरुवार

ब्रिटनमध्ये मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी स्थानिक संस्थांच्या निवडणुका होतात. आपल्याकडे जिल्हा परिषदांचे निकाल लागले की दुसऱ्या दिवशी प्रत्येक पक्ष आपणच जिंकलो असे सांगतो. तिथेही तेच चालते, फक्त इंग्रजी शिष्टाचाराने. आणि तिथे एक जास्तीची चाल आहे. मतदानाच्या आठवडाभर आधीच प्रत्येक पक्ष आपली परिस्थिती किती वाईट आहे हे पत्रकारांच्या कानी घालतो. तीनशे जागा जातील असे वाटत असेल तर पाचशे जातील म्हणून सांगायचे. तीनशे गेल्या की मग तोच विजय!

पण या निकालांचा अर्थ लावणे हा नुसता करमणुकीचा विषय नाही. त्यावर पंतप्रधानांच्या खुर्च्या टिकल्या आहेत, गेल्या आहेत. आणि अर्थ चुकल्याची उदाहरणेही कमी नाहीत.

१९६८ सालापासून सुरुवात करू. हॅरॉल्ड विल्सन यांचे मजूर पक्षाचे सरकार होते, आदल्या वर्षीच पौंडाचे अवमूल्यन झाले होते आणि लोक चिडलेले होते. त्या मे महिन्यात लंडनच्या ३२ पैकी २८ बरो हुजूर पक्षाकडे गेल्या. कामगारवस्तीचे इस्लिंग्टनही गेले. लँबेथमध्ये ब्रिक्स्टन भागातून पंचवीस वर्षांचा एक तरुण हुजूर पक्षातर्फे निवडून आला. एरवी तिथे त्या पक्षाला कोणी विचारले नसते. त्याचे नाव जॉन मेजर. तीन वर्षांनी, १९७१ मध्ये, लाट उलटली आणि मेजर पडले. त्याच उलट्या लाटेवर त्याच लँबेथमध्ये केन लिव्हिंगस्टन नावाचा मजूर पक्षाचा तरुण नगरसेवक झाला. एक पुढे पंतप्रधान झाला, दुसरा लंडनचा महापौर. दोघांनाही पहिली पायरी चढवली ती वेस्टमिन्स्टरमधल्या सरकारवरच्या रागाने. लँबेथच्या गटारांचा किंवा घरांचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता.

या दोन वर्षांच्या मध्ये १९७० येते. मे महिन्याच्या सुरुवातीला नगरांच्या निवडणुकांत मजूर पक्षाला बऱ्याच जागा परत मिळाल्या. जनमत चाचण्याही अनुकूल होत्या. विल्सन यांनी १८ जूनला सार्वत्रिक निवडणूक घेतली आणि हरले. एडवर्ड हीथ यांच्या हुजूर पक्षाला ३३० जागा मिळाल्या. स्थानिक निकालात फसवे काय होते? त्या काळी नगरांतल्या एक तृतीयांश जागा दर वर्षी निवडणुकीला येत आणि नगरसेवकाची मुदत तीन वर्षांची असे. म्हणजे १९७० मध्ये ज्या जागा लढवल्या गेल्या त्या आधी १९६७ मध्ये लढवलेल्या, आणि ते वर्ष मजूर पक्षाला फार वाईट गेले होते. खोल खड्ड्यातून थोडे वर आलेला माणूसही चढतानाच दिसतो. जागा वाढल्या हे खरे, पण त्यावरून जमिनीची पातळी कळत नव्हती.

पुढच्या अभ्यासकांनी हाच धडा घेतला. दर वर्षी वेगळ्या भागांत निवडणुका होतात. एखाद्या वर्षी खेडूत काउंट्या, तर एखाद्या वर्षी लंडन आणि मोठी शहरे. तेव्हा नुसत्या जागा मोजून काय कळणार? यावर उपाय म्हणून एक हिशेब निघाला. निवडक वॉर्डांतली प्रत्यक्ष मते घ्यायची, त्याच वॉर्डांत मागच्या वेळी काय झाले होते ते पाहायचे आणि त्यावरून सगळ्या ब्रिटनने त्या दिवशी मतदान केले असते तर कोणाला किती टक्के मते पडली असती हे काढायचे. बीबीसीसाठी हे काम प्रा. जॉन कर्टिस आणि त्यांचे सहकारी करत आले. प्लिमथ विद्यापीठातले कॉलिन रॅलिंग्ज आणि मायकेल थ्रॅशर यांचा वेगळा हिशेब असतो. दोघांचे आकडे थोडे वेगळे येतात, पण दिशा बहुधा एकच दाखवतात.

मार्गारेट थॅचर यांनी मात्र स्थानिक निकाल नीट वाचले. १९८३ आणि १९८७ या दोन्ही वर्षी त्यांनी मे महिन्याच्या निकालांची वाट पाहिली, रविवारी चेकर्सला सहकाऱ्यांबरोबर आकडे तपासले आणि सोमवारी निवडणूक जाहीर केली. दोन्ही वेळा जिंकल्या.

१९९० चे निकाल वेगळे आहेत आणि मला स्वतःला ते सर्वांत बोलके वाटतात. थॅचर यांनी घरपट्टी रद्द करून माणशी कर आणला होता, तोच तो पोल टॅक्स. गर्भश्रीमंताला आणि झाडूवाल्याला एकच आकडा. लंडनमध्ये मार्चअखेर दंगल झाली. ३ मे रोजी मतदान झाले. बीबीसीच्या हिशेबाने मजूर पक्षाला ४४ टक्के, हुजूर पक्षाला ३३. सत्ताधाऱ्यांचा सपाटून मार होता. पण लंडनमधल्या वँड्सवर्थ आणि वेस्टमिन्स्टर या दोन बरो हुजूर पक्षाने मोठ्या बहुमताने राखल्या. वँड्सवर्थचा कर होता १४८ पौंड, वेस्टमिन्स्टरचा १९५. इंग्लंडची सरासरी होती साडेतीनशेच्या वर. पक्षाध्यक्ष केनेथ बेकर यांनी याच दोन नावांचा इतका गजर केला, की कर कमी ठेवला तर लोक आपल्याच बाजूला आहेत, असे चित्र उभे राहिले. अनेक वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. ११ टक्क्यांचा पराभव एका रात्रीत झाकला गेला.

वेस्टमिन्स्टरची मागची बाजू नंतर बाहेर आली. १९८६ मध्ये तिथे हुजूर पक्ष थोडक्यात वाचला होता. त्यानंतर कौन्सिलच्या प्रमुख शर्ली पोर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या आठ वॉर्डांत लढत अटीतटीची होती, तिथली कौन्सिलच्या मालकीची भाड्याची घरे रिकामी होतील तशी विकायला काढली. घर विकत घेऊ शकणारा माणूस आपला मतदार असतो हा त्यामागचा विचार होता. घरांसाठी रांगेत उभ्या असलेल्या बेघर कुटुंबांना ती घरे मिळाली नाहीत. लेखापरीक्षकाने १९९६ मध्ये हे बेकायदा ठरवले आणि २००१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. २००४ मध्ये पोर्टर यांनी तडजोड म्हणून सव्वाकोटीच्या आसपास पौंड भरले. या विक्रीनेच १९९० ची निवडणूक जिंकली असे मी म्हणणार नाही. सरकारी अनुदान आणि कमी कर यांचा वाटा मोठा होता. पण पक्षाचा पाठिंबा सरकला असे आपण म्हणतो, तेव्हा कधी मतदाराचे मन बदललेले असते, तर कधी मतदारच बदललेला असतो. आकड्यांत दोन्ही सारखेच दिसतात.

बेकर यांच्या गजराने थॅचर यांना सहा महिने मिळाले. नोव्हेंबरमध्ये त्या गेल्या आणि लँबेथचे ते नगरसेवक मेजर पंतप्रधान झाले. १९९५ च्या मे महिन्यात त्यांच्या पक्षाने दोन हजारांवर जागा गमावल्या. अंदाजित मते अवघी २५ टक्के, मजूर पक्षाची ४७. जूनमध्ये मेजर यांनी पक्षनेतेपदाचा राजीनामा देऊन विरोधकांना लढायचे आव्हान दिले आणि ते जिंकले. मतदारांपुढे मात्र हा उपाय चालला नाही. १९९७ मध्ये टोनी ब्लेअर ४१८ जागा घेऊन आले. तरी मजूर पक्षाची मते ४३ टक्केच होती, हुजूर पक्षाची ३१ च्या घरात. स्थानिक निवडणुकीतला राग सार्वत्रिक निवडणुकीत थोडा निवतो. स्थानिक मतदानाला तिथे साधारण एक तृतीयांशच लोक जातात, आणि त्यात चिडलेले जास्त असतात.

पण हाही नियम पक्का नाही. २०१७ च्या मे महिन्यात सत्ताधारी थेरेसा मे अंदाजित मतांत ११ टक्क्यांनी पुढे होत्या. पाच आठवड्यांनी सार्वत्रिक निवडणुकीत ती आघाडी अडीच टक्क्यांवर आली आणि बहुमत गेले. २०२४ मध्ये मजूर पक्षाचा मे महिन्यातला अंदाज ३४ टक्के होता, जुलैत मिळाली ३३.७. इतका अचूक आकडा, तरी त्या मे महिन्यात काहींनी त्रिशंकू संसदेचे भाकीत केले होते. प्रत्यक्षात मजूर पक्षाला ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म यूके हा पक्ष स्थानिक निवडणुकीत मोजक्याच वॉर्डांत उभा होता आणि जुलैत त्याने १४ टक्के मते घेतली. जो उमेदवारच नव्हता त्याची मते आधी कशी मोजणार?

आपल्या लोकांचाही या आकड्यांत वाटा आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकाला, म्हणजे भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसालाही, तिथे मतदान करता येते. पुण्याहून दोन वर्षांसाठी रेडिंगला गेलेला संगणक अभियंता तिथला नगरसेवक निवडू शकतो आणि खासदारही. गुजराती वस्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या लेस्टरमध्ये २०२३ साली हुजूर पक्षाच्या जागा शून्यावरून १७ वर गेल्या. त्याच दिवशी देशभर त्या पक्षाने हजारावर जागा घालवल्या होत्या. आदल्या वर्षीचा धार्मिक तणाव आणि मजूर पक्षाने बऱ्याच जुन्या नगरसेवकांना नाकारलेली तिकिटे ही तिथली कारणे. राष्ट्रीय सरासरीत ती कुठेच दिसत नाहीत.

आता डरहॅम. ईशान्य इंग्लंडमधली ही कोळशाच्या खाणींची काउंटी. १९१९ मध्ये इथे इंग्लंडमधली पहिली काउंटी कौन्सिल मजूर पक्षाच्या हाती आली. प्रमुख होते पीटर ली, दहाव्या वर्षी खाणीत उतरलेले. त्यांच्या नावाने पीटरली हे गाव पुढे वसवले गेले. मजूर पक्षाने उदारमतवाद्यांची जागा कशी घेतली हे समजून घ्यायचे तर लोकसभेच्या आकड्यांआधी असल्या कौन्सिलांकडे पाहावे लागते. लंडनमध्येही त्याच वर्षी क्लेमंट ॲटली स्टेपनीचे मेयर झाले होते. डरहॅममधल्या खाणी विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडल्या, मते मात्र बराच काळ वारशाने चालत राहिली. २०२१ मध्ये तिथले बहुमत गेले. १ मे २०२५ रोजी रिफॉर्मने देशात ६७७ जागा आणि दहा कौन्सिले जिंकली. अंदाजित मते रिफॉर्म ३०, मजूर २०, हुजूर १५. दोन्ही जुन्या पक्षांची बेरीज ३५. डरहॅमच्या ९८ जागांपैकी रिफॉर्मला ६५ मिळाल्या. पीटर ली यांच्या पक्षाला चार.