दुधाचा दर आणि दुकानाचा गल्ला

सोलापुरात दुधाचं दुकान ही तशी अलीकडची गोष्ट. आमच्या मामंजींच्या लहानपणी, गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा, दूध दारात यायचं. १८७७ साली ‘जुनी मिल’ निघाली, पुढं नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या. चाळी वाढल्या, चहा वाढला आणि गवळ्यांचे रतीब वाढले. पितळी चरवी, पावशेराचं माप, आणि माप भरल्यावर वर घातलेली चमचाभर धार. खाडे कॅलेंडरवर मांडायचे, हिशेब महिन्याअखेर.

मला त्या रतिबात सगळ्यांत मोलाची वाटते ती भावाची बोलणी. कडबा महागला की गवळी उंबऱ्यावर उभं राहून सांगायचा, "बाई, यंदा पेंडी परवडत नाही, आणा-दोन आणे वाढवा." बाई घासाघीस करायची, पाण्यावरून त्याला बोलायची, पण भाव का वाढला हे तिला ठाऊक असायचं. दूध काढणारा आणि दूध पिणारा एकमेकांना तोंडानं ओळखत होते.

त्या दुधामागं म्हैस होती ती पंढरपुरी. तलवारीसारखी लांब शिंगं, पार खांद्यामागं गेलेली. मी मंगळवेढ्याकडची, माझ्या माहेरी अशा तीन म्हशी होत्या. या जातीचा गुण असा की ती ज्वारीच्या कडब्यावर निभावते, कोरड्या हवेत टिकते आणि कुठंही उभी केली तरी पान्हा सोडते. म्हणूनच कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आजही गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात. आमच्या भागात मालदांडी ज्वारी, तिचा गोड कडबा, कडब्यावर म्हैस, आणि कार्तिकीला पंढरपूरजवळच्या वाखरीच्या बाजारात तिची खरेदी-विक्री, असा सगळा मेळ बसलेला होता. घरचा कडबा असला की दुधाचा खर्च हाताबाहेर जात नसे.

हा मेळ दोन गोष्टींनी बदलला. १९७२ च्या दुष्काळानं दावणी रिकाम्या केल्या. पुढं १९८० साली उजनी धरण पुरं झालं, ऊस आला, उसाचं वाढं आलं आणि दावणीला होल्स्टीन संकरित गाय आली. गाय दूध जास्त देते, पण ती विकतच्या खाद्यावर चालते. सरकी पेंड, भरडा, मिनरल मिक्श्चर, डॉक्टर: सगळ्याला रोख पैसे लागतात. शेतकऱ्याचा दुधाचा खर्च त्या दिवसापासून बाजाराच्या हातात गेला.

दूध विकत घेण्याचीही रीत बदलली. सरकारी दूध योजना, मग सहकारी संघ. जिल्ह्याचा ‘दूध पंढरी’, अकलूजचा ‘शिवामृत’. गावात संकलन केंद्र आलं, दहा दिवसांनी दूध पगार, दिवाळीला दरफरक. बाईमाणसाच्या हातात ठरल्या तारखेला पैसा पडू लागला, हे संघांचं मोठं काम आहे आणि ते मी कधी विसरणार नाही. माझ्या आईनं आमच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्या पगारातून केला. १९९१ नंतर परवाने सैल झाले, खाजगी डेअऱ्या आल्या, संघ मागं पडत गेले.

केंद्रावर दूध घातलं की एक पावती निघते. फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून उरलेला घन भाग), लिटर, दर. सरकारी दर जाहीर होतो तो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला. एसएनएफ ८.३ लागला की प्रत्येक पॉइंटमागं पैसे कापले जातात. उन्हाळ्यात हिरवा चारा नसताना ८.५ लागणं किती अवघड, हे गोठ्यात राबणाऱ्यालाच कळतं. माझा धाकटा भाऊ आता सहा गाई सांभाळतो. जाहीर झालेला दर त्याच्या पावतीवर मी फार क्वचित पाहिला.

जून २०१७ च्या शेतकरी संपात दूध रस्त्यावर ओतलं गेलं आणि सरकारनं गाईच्या दुधाला २७ रुपये जाहीर केले. वर्ष झालं नाही तोवर दर विशीच्या खाली घसरला. जुलै २०१८ मध्ये पुन्हा आंदोलन, पुन्हा घोषणा, २५ रुपयांची. जुलै २०२३ मध्ये ३४ रुपये ठरले, हिवाळ्यापर्यंत शेतकऱ्याच्या हातात २६-२७ उरले. २०२४ मध्ये लिटरमागं पाच रुपये अनुदान आलं. त्यासाठी जनावराच्या कानात बिल्ला हवा होता, बँक खातं आधारला जोडलेलं हवं होतं. भावानं दोन्ही केलं. दर वेळी मोर्चा सरकारच्या दारात गेला, डेअरीच्या दारात गेला. दुकानाच्या गल्ल्यापाशी मात्र कुणी थांबलं नाही.

आणि गल्ल्यावर मी बसते. भावाला २७ मिळत होते त्या महिन्यांत मी गाईच्या दुधाची लिटरची पिशवी पन्नाशीच्या वर विकत होते. म्हणजे रुपयातले निम्मेच त्याचे. गुजरातचा अमूल महासंघ रुपयातले ऐंशी पैसे उत्पादकाला जातात असं सांगतो. इथले दूध उत्पादक ८०:२० ची वाटणी मागतात, ती याच हिशेबावर. एकदा भाऊ म्हणाला, "अक्का, तुझ्या पिशवीवर विक्रीचा भाव छापलेला असतो, माझा का नाही?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आमच्या धंद्याची रीत अशी की जी डेअरी कमिशन जास्त देते तिची पिशवी पुढं. गिऱ्हाईक नुसतं "दूध द्या" म्हणतं, हाताला येईल ती पिशवी जाते. म्हणजे कोणतं दूध खपायचं हे बऱ्याच अंशी आम्हीच ठरवतो. डेअरीला त्या वाढीव कमिशनचे पैसे कुठून तरी काढावे लागतात, आणि सगळ्यांत सोपी जागा म्हणजे खरेदीचा दर. पण शेतकऱ्याचा वाटा गिऱ्हाईकही ठरवू शकतं. फ्रान्समध्ये २०१६ साली गिऱ्हाइकांनीच दुधाचा एक छाप सुरू केला. लिटरला ९९ सेंट, त्यातले ३९ शेतकऱ्याचे, हे आधी ठरवून. मोठ्या दुकानांनी तो ठेवला, लोकांनी चार पैसे जास्त देऊन घेतला. आपल्याकडं हे होणार नाही असं मला कुणी सांगू नये. सोलापूरची बाई गवळ्याला कडब्याच्या भावानं दर वाढवून देत होती, तिला हा हिशेब समजत होता.

मी दुकानाबाहेर पाटी लावली आहे. तिच्यावर प्रत्येक पिशवीसमोर ती डेअरी शेतकऱ्याला देते तो खरेदी दर लिहिते. दर भावाकडून आणि गावाकडून येणाऱ्या टेम्पोवाल्यांकडून कळतो. चांगला दर देणाऱ्याची पिशवी पुढं ठेवते, कमिशन पंचवीस-तीस पैसे कमी मिळालं तरी. वितरकाचे पैसे थकवत नाही, कारण आमच्या उधारीत शेवटी गावचा दूध पगार अडकतो. छापील भावावर ‘थंड करण्याचे’ म्हणून रुपया घेत नाही. तो रुपया शेतकऱ्याकडं कधीच जात नाही.

दूध विकणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो, अशी पाटी तुम्हीही लावा. आणि वाचकहो, उद्या सकाळी पिशवी घेताना दुकानदाराला एवढं विचारा: यातले शेतकऱ्याला किती?