चौसष्ट अध्यायांचा हिवाळा

माणदेशात पावसापेक्षा थंडी भरवशाची. पाऊस येईल न येईल, थंडी मात्र ठरल्या वेळी यायची. कार्तिकीची वारी करून माणसं पंढरपूरहून परतली की माणगंगेच्या कोरड्या पात्रातनं पहाटेचं गार वारं सुटायचं. मग उतरंडीमागची घोंगडी बाहेर निघायची, चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटायला लागायचं आणि दिवेलागणीनंतर गल्लीच्या तोंडाला शेकोटी पेटायची. तुराट्या, बाभळीची ढलपी, नाहीतर वाळलेली सड. ज्याला जे मिळेल ते तो काखेत मारून घेऊन यायचा. रिकाम्या हातानं येणाऱ्याला जागा मिळायची, पण धुराच्या बाजूची.

आमच्या गावातल्या वाचनाचा इतिहास सांगायचा तर शाळेपासून सुरू करता येत नाही. तो या शेकोटीपासून सुरू करावा लागतो.

त्याला कारण शेतीचं होतं. हस्ताच्या पावसावर पेरलेला शाळू जमिनीतल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर पोसायचा. त्याला पाणी द्यायचं नसायचं. दिवसा माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकायची, एवढंच काम. विहिरीवर मोट असलेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि मोट काही रात्री चालत नसे. म्हणजे कार्तिकापासून पौषापर्यंत जिरायती गड्याची रात्र मोकळी आणि लांबलचक. अंगावर घोंगडं एकच, त्यामुळं लवकर झोपून तरी काय करणार? थंडी काढायची तर चार माणसांच्या अंगाची ऊब आणि काहीतरी ऐकायला हवं. त्यासाठी पोथी लागायची.

इतर मुलखांत पोथी चातुर्मासात लावतात. आमच्याकडंही श्रावणात देवळात लागायची, पण गावाच्या जिवाभावाची होती ती थंडीतली 'पांडवप्रताप'. ही पोथी श्रीधरस्वामींची. त्यांचं गाव नाझरे, सांगोला तालुक्यातलं, म्हणजे आमच्याच माण नदीच्या खोऱ्यातलं. त्यांनी १७०२ मध्ये 'हरिविजय' पुरा केला, पुढच्या वर्षी 'रामविजय', आणि १७१२ मध्ये 'पांडवप्रताप'. संस्कृत न कळणाऱ्या बायाबापड्यांना कानांनी कळावं अशा ओव्या. पांडवप्रतापाचे अध्याय चौसष्ट. कार्तिकीहून परतल्यावर पोथी लावली आणि रोज एक अध्याय धरला की संक्रांतीच्या आगेमागे ती उतरायची. हिवाळा किती उरला हे आमच्याकडं पंचांगात बघत नसत. "आदुगर किती झालं?" असं विचारलं, आणि "पंचेचाळीस" असं उत्तर आलं, की म्हातारी माणसं म्हणायची, "मग काढला म्हणायचा औंदाचा हिवाळा."

श्रीधरांच्या पोथ्या दीडशे वर्षं हातानंच उतरवून घेतल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्यात शिळाछाप आली, मग खिळ्यांची छपाई आली. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. अशा छापखान्यांमुळं पोथी शास्त्र्याच्या घरातनं निघून जत्रेतल्या दुकानात आली. आमची पोथी माझ्या पणजोबांनी जत्रेतनं आणली, असं घरात सांगत. आडवी, सुट्ट्या पानांची, वर-खाली लाकडी फळ्या आणि लाल फडकं. पानांना तेलाचे डाग आणि कडेला धूर धरलेला. तिच्यातल्या ओळी सलग छापलेल्या होत्या, शब्द तोडलेले नव्हते. त्यामुळं ती नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नसे. कुठला शब्द कुठं संपतो हे आधी कानाला ठाऊक असावं लागे.

वाचायचे थोरले चुलते. ते चौथी झालेले, बोट ठेवून आणि सूर लावून वाचत. समोर तीस-चाळीस माणसं. त्यातल्या एकानं दर ओवीला "हं" म्हणायचं, हा रिवाज. होकारा थांबला की वाचणाराही थांबे. झोपलेल्यांना कोण वाचून दाखवील? माझी आजी उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून बसायची. तिला अक्षर येत नव्हतं. पण चुलत्यांनी एखादा शब्द भलतीकडं तोडला की आतनं आवाज यायचा, "तसं न्हाई त्ये. मागनं घे."

एकदा मी तिला विचारलं, "आजे, तुला वाचाय येत न्हाई, मग चुकलं ते कसं कळलं?"

"कान हायत की मला," ती म्हणाली.

या शेकोटीचं गोडवं गाताना एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येणार नाही. उजेडाच्या कडेला, ओट्याच्या खाली, अंतर राखून काही माणसं बसायची. ती महारवाड्यातली. पोथी त्यांनी ऐकली तर चालायची. पण ओट्यावर चढलेलं, आगीला हात धरलेलं चालायचं नाही. १९५६ मध्ये बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, त्याच हिवाळ्यात ६ डिसेंबरला ते गेले, आणि पुढच्या वर्षी पोथी लागली तेव्हा ओट्याखालची जागा मोकळी होती. कुणी काही बोललं नाही. आजीनंच चार दिवसांनी विचारलं, "ती माणसं का येईनात?" चुलते म्हणाले, "त्यांचं त्येंनी सुरू केलंय."

खरंच सुरू केलं होतं. त्या वस्तीतला एकजण माझ्या वर्गात होता. त्याच्याबरोबर मी एकदा संध्याकाळी तिकडं गेलो. तिथंही शेकोटी होती, आणि एक पोरगेला गडी कंदिलाजवळ 'प्रबुद्ध भारत' वाचत होता. बाबासाहेबांनी १९३० मध्ये काढलेल्या 'जनता'ला १९५६ मध्ये हे नाव मिळालेलं. एक अंक चार दिवस पुरवायचे, पुन्हा पुन्हा वाचायचे. ऐकणारे मधेमधे "हं" म्हणत होते. रिवाज तोच. फरक एवढाच, की आमच्याकडं हजारदा ऐकलेलं पुन्हा ऐकत होते आणि तिथं पूर्वी कधीच न ऐकलेलं. आणि मला कुणी धुराच्या बाजूला बसवलं नाही.

अक्षराची खरी चळवळ गावात आली ती १९५९ मध्ये. सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली आणि पुढं ती सगळ्या महाराष्ट्रात गेली. चौदा ते पन्नास वयाच्या प्रत्येक निरक्षराला लिहा-वाचायला शिकवायचं, सगळं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ करायचा. शाळेतले गुरुजी, शिकलेली पोरं, ज्याला येतं त्यानं शिकवायचं. गुरुजी वही घेऊन घरोघर फिरले. आमच्या दारात त्यांनी आईचं नाव लिहिलं, मग आजीकडं वळले.

"आजी, वय काय तुमचं?"

"मानमोडीच्या साली लगीन झालं माझं. त्याच्या फुडचं तुमीच मोजा."

मानमोडीचं साल म्हणजे १९१८, इन्फ्लुएंझाची साथ. गुरुजींनी बोटं मोजली. लग्नात बारा-तेराची धरली तरी पन्नाशी उलटलेली. आजीचं नाव वहीत आलं नाही.

बायकांचा वर्ग दुपारी भरायचा. सुनेला एकटं कसं पाठवायचं म्हणून आजी सोबतीला जायची आणि दाराशी वाती वळत बसायची. आई पाटीवर 'घर', 'बस', 'कमळ' गिरवायची. आजीनं मात्र आपली वाट वेगळी काढली. एक दिवस तिनं मला पोथी सोडायला लावली आणि म्हणाली, "हर अध्यायाच्या तोंडाला 'श्रीगणेशाय नमः' असतंय. ते कुठं हाय ते दाव." मी दाखवलं. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि एकेका अक्षरावर एकेक सूर म्हटला: श्री, ग, णे, शा, य, न, मः. सात अक्षरं मिळाली. ती सात अक्षरं मग तिनं पुढच्या ओळींत शोधली. ओव्या तोंडपाठ होत्याच. शब्दाचा आवाज ठाऊक होता, फक्त त्याचं तोंड बघायचं राहिलं होतं. तो हिवाळा आणि पुढचा हिवाळा, दोन वेळा पोथी उतरली तेवढ्यात आजी पोथी वाचायला लागली. मी पाटीवर 'विमान' लिहून दिलं तर अडायची. पोथीतली ओवी मात्र सरसर जायची, आणि हळूहळू बाहेरचेही शब्द जमले.

आईचं उलटं झालं. ती परीक्षा पास झाली. ग्रामगौरवाच्या दिवशी लेझमीच्या तालावर मिरवणूक निघाली. तिचं नाव पुकारलं, तिनं फळ्यावर सही केली. आणि वर्षा-दोन वर्षांत सहीपुरतंच अक्षर उरलं. मोहिमेची ही दुखणी नंतर सगळीकडंच दिसली. शिकलेलं अक्षर वापरात राहिलं नाही की पुसून जातं. लोक म्हणायचे, गोडी नव्हती. पण आई कुठं वाचणार होती? पहाटे चारला जात्यावर, मग आडावर, मग रानात, रात्री बारा माणसांच्या भाकरी. शेकोटीवरच्या बाप्यांची रात्र मोकळी होती, कारण आतमध्ये बायकांची नव्हती. आजीला सुना होत्या म्हणून तिला पोथी होती. सरकारी वहीत आई साक्षर आणि आजी निरक्षर, घरात मात्र नेमकं उलटं.

मोहिमेनं एक केलं. शेकोटीवर पोथीशिवाय दुसरं पुस्तक आलं. गुरुजींनी 'श्यामची आई' आणलं. साने गुरुजींनी ते फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलं. त्यात धडे नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. सांगणारा श्याम आणि भोवती बसलेले ऐकणारे. आमच्या माणसांना ते पुस्तक परकं वाटलंच नाही. रोज एक अध्याय ऐकायची सवय होतीच, आता रोज एक रात्र. वाचायचं काम माझ्याकडं आलं, मी सातवीत होतो. आगीनं पुस्तकाची पानं तापायची आणि पाठीला बोचरं वारं लागायचं.

पुढं 'बनगरवाडी' आलं. व्यंकटेश माडगूळकरांचं, १९५५ मध्ये छापलेलं. माडगुळं आमच्या शेजारचंच. मेंढरांची वर्णनं आली की धनगरवाड्यातली माणसं सरसावून बसायची. "बराबर लिवलंय," एकजण म्हणाला, "ह्यो गडी मेंढरात हिंडल्याला हाय." राजे आणि देव सोडून आपल्यासारखी माणसंही पुस्तकात असतात, हे तिथं बसलेल्यांना पहिल्यांदा कळलं. त्या रात्री कुणी लवकर उठलं नाही.

१९६७ मध्ये राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. आठ-दहा वर्षांनी आमच्याकडंही एका खोलीत वाचनालय निघालं. दिवाळी अंक यायचे, आणि थंडीभर घरोघर फिरून शिमग्यापर्यंत त्यांची कव्हरं गळायची. त्याच सुमाराला वीज आली. खरं तर उजेड वाढला तसं वाचन वाढायला हवं होतं. पण घरात बल्ब लागला तशी माणसं घरात बसली. मग रेडिओ, मग टीव्ही. चुलते थकले, चौसष्ट अध्याय पुरे व्हायचे थांबले. लोक टीव्हीला दोष देतात. मला त्याहून मोठं कारण दिसतं ते रानात. विहिरींवर मोटारी बसल्या, कांदा आला, गहू आला, आणि शेतीची लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीची मिळायला लागली. ज्या रात्री शेकोटीला बसायचं, त्याच रात्री आता दारं धरायची. माझा पुतण्या पौषाच्या थंडीत कानटोपी घालून, बॅटरी घेऊन बारा वाजता रानात जातो आणि चिखलात पाय घालून पहाटेपर्यंत वाफे भिजवतो. त्याला वाचनाची आवड नाही असं म्हणण्याआधी त्याची रात्र कुणी घेतली ते बघावं.

पण हिशेब एवढ्यावर संपत नाही. ज्या विजेनं शेकोटी विझवली, तिनंच गावात पिठाची गिरणी आणली आणि नळाला पाणी आणलं. साठीच्या घरात आईचे हात पहिल्यांदा मोकळे झाले. १९९० च्या आसपास तिनं चष्मा करून घेतला आणि आजीची पोथी मागितली. शब्द तोडताना अडायला लागली, तेव्हा मी तिला 'श्यामची आई' दिलं. पहिली रात्र वाचायला तिला चार दिवस लागले. बेचाळिसावी ती एका बैठकीत वाचून उठली.

तिला मनात वाचणं कधी जमलं नाही. वाचन म्हणजे मोठ्यानं, दुसऱ्याला ऐकू जाईल असं, हेच तिनं आयुष्यभर स्वयंपाकघरातनं ऐकलेलं. थंडीत मी गावी गेलो की रात्री तिच्या खोलीत बल्ब असायचा, अंगावर घोंगडं, आणि एकटीच खणखणीत वाचत असायची. मी बाहेरच्या ओट्यावर बसायचो. मधे आवाज थांबायचा. मग आतनं विचारायची, "ऐकतोयस न्हवं?" मी म्हणायचो, "हं." मग पुढचं पान.