आय२सी दृश्यपटल जोडणी

आय२सी दृश्यपटल जोडणी म्हणजे अक्षरे दाखविणारा छोटा पडदा केवळ चार तारांनी सूक्ष्मनियंत्रकाशी जोडण्याची पद्धत होय. यातील दोन तारा वीजपुरवठ्याच्या, तर दोन माहितीच्या असतात. आय२सी ही क्रमिक संदेशवहन पद्धत फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये विकसित केली.

रचना

१६ स्तंभ व २ ओळींच्या प्रचलित एलसीडी पटलात हिताची कंपनीच्या एचडी४४७८० या नियंत्रकाशी सुसंगत नियंत्रक असतो. तो थेट जोडल्यास किमान सहा संदेशतारा लागतात. पटलामागे पीसीएफ८५७४ ही चिप असलेली पट्टी बसविल्यास हे काम एसडीए (माहिती) व एससीएल (ताल) या दोन तारांवर भागते. प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पत्ता असतो. या चिपचे पत्ते षोडशमान पद्धतीत २० ते २७ असे आठ आहेत.

तारजोडणी

आर्डुइनो उनोवर एसडीए ए४ला व एससीएल ए५ला जोडतात. रास्पबेरी पायवर त्या अनुक्रमे ३ व ५ क्रमांकाच्या टाचण्यांना जोडतात. दोन्ही उपकरणांचे ग्राउंड सामाईक असणे अनिवार्य आहे. संदेशतारांना वीजपुरवठ्याशी जोडणारे पुल-अप रोधक लागतात. ते बहुधा पट्टीवरच असतात. तारा लांबल्यास त्यांची धारिता वाढते. प्रमाणित मर्यादा ४०० पिकोफॅरड आहे. म्हणून जोडणी आखूड ठेवतात.

वीजपुरवठा

पटलाला सामान्यतः ५ व्होल्ट लागतात, ३.३ व्होल्टवर अक्षरे पुसट दिसतात. मात्र पट्टीवरील पुल-अप रोधक संदेशतारांनाही ५ व्होल्टपर्यंत नेतात. रास्पबेरी पायच्या टाचण्या ३.३ व्होल्टच्याच असल्याने त्यांना कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी मधे दाब-परिवर्तक बसवितात. पहिल्या ओळीत नुसते भरीव चौकोन दिसल्यास वीज पोहोचली, पण प्रारंभीच्या सूचना पोहोचल्या नाहीत, असे समजावे. काहीच न दिसल्यास पट्टीवरील छोट्या फिरकीने अक्षरांचा गडदपणा जुळवून पाहावा.

देवनागरी अक्षरे

या नियंत्रकाच्या प्रचलित अक्षरसंचात देवनागरी नाही. वापरकर्त्याला ५×८ ठिपक्यांची केवळ आठ अक्षरे एका वेळी स्वतः घडविता येतात. शिवाय दोन घरांमधील मोकळ्या जागेमुळे शिरोरेषा तुटते. मराठी मजकुरासाठी म्हणूनच १२८×६४ ठिपक्यांचा ओएलईडी पटल अधिक सोयीचा ठरतो. त्यावर अक्षरे चित्ररूपाने उमटवितात.

दमट हवेतील वापर

माथेरानसारख्या सुमारे ८०० मीटर उंचीवरील, अतिपावसाच्या व धुक्याच्या ठिकाणी उघडे जोड गंजतात आणि संपर्कातील रोध वाढतो. वीज क्षणभर खचल्यास पटल प्रारंभीच्या सूचना विसरतो, पण सूक्ष्मनियंत्रक चालूच राहिल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हे येतात. पर्जन्यमापकाशी जोडलेल्या पटलावर असे घडल्यास नोंद अचूक असूनही वाचता येत नाही. यावर उपाय म्हणून जोड डाखतात, वीजतारांवर पटलाजवळ धारित्र बसवितात, पेटी बंदिस्त ठेवतात आणि प्रारंभीच्या सूचना ठरावीक काळाने पुन्हा पाठवितात.