खाऱ्या टाकीसाठी जुना खडक

गोड्या पाण्याच्या टाकीत दगड ही बहुतांशी सजावट असते. खाऱ्या पाण्याच्या टाकीत मात्र तो गाळणीचे काम करतो. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून निर्माण होणारा अमोनिया माशांना घातक असतो. सच्छिद्र खडकात वाढणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या मत्स्यालयामुळे रत्नागिरीकरांना समुद्रातील मासे काचेआड पाहण्याची ओळख आहे. घरी तशी टाकी मांडायची तर खडकाचा खर्च डोळ्यांत भरतो आणि कोणाच्या तरी बंद पडलेल्या टाकीतला, गच्चीवर उन्हात पडून राहिलेला खडक स्वस्तात घेण्याचा मोह होतो.

हा खडक दिसतो स्वच्छ, पण तसा नसतो. टाकी चालू असताना त्याच्या छिद्रांत स्पंज, कृमी, शेवाळ असे असंख्य जीव राहत होते. ते जागच्या जागी मरून वाळलेले असतात. खडक पाण्यात गेला की हे अवशेष कुजू लागतात व अमोनियाचे प्रमाण झपाट्याने वाढते. त्यात मासे सोडले तर ते दगावतात. दुसरा दोष सावकाश उघड होतो. कॅल्शियम कार्बोनेटच्या या खडकात मुरलेले फॉस्फेट कित्येक महिने पाण्यात झिरपत राहते आणि टाकी हिरव्या केसाळ शेवाळाने भरून जाते.

धुण्यापूर्वी खडकाचा इतिहास विचारावा. पूर्वीच्या टाकीत माशांच्या रोगावर तांबेयुक्त औषध वापरले असेल तर तो खडक घेऊच नये; शोषलेले तांबे पुन्हा पाण्यात उतरते आणि कोळंबी, शंख यांसारख्या जिवांना मारक ठरते. खडक म्हणजे प्रवाळाचा सांगाडा असेल तर प्रश्न कायद्याचा आहे. खडक रचणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. तुकडा मेलेला आहे ही सबब त्यात चालत नाही. त्यामुळे किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणणे सर्वथा टाळावे. त्याऐवजी सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्यापासून केलेले किंवा सिरॅमिकचे कृत्रिम खडक वापरता येतात. (कोकणात मुबलक असलेला जांभा येथे उपयोगी नाही. तो सच्छिद्र असला तरी लोहयुक्त आहे आणि चुनखडीप्रमाणे पाण्याचा सामू सांभाळत नाही.)

प्रत्यक्ष सफाई ताठ ब्रशने सुरू करावी. सुटणारे सर्व अवशेष खरवडून खडक वाहत्या पाण्याखाली धुवावा. त्यानंतर दहा भाग पाण्यात एक भाग साधे, सुगंध वा साबण नसलेले ब्लीच मिसळून त्यात तो काही दिवस बुडवून ठेवावा. उरलेला सेंद्रिय भाग यात विरघळतो. पुढे पाणी बदलत खडक धुवावा, क्लोरीननाशक सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यात ठेवावा आणि ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवावा.

फॉस्फेट फार असेल तरच आम्लाचा विचार करावा. एकास दहा या प्रमाणात पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात खडक फसफसतो व त्याचा वरचा थर फॉस्फेटसह विरघळतो. आम्ल पाण्यात ओतावे. पाणी आम्लात कधीही ओतू नये. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि काम मोकळ्या अंगणात व्हावे. ब्लीचचा अंश राहिलेल्या खडकावर आम्ल पडल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, म्हणून दोन्हींच्या मध्ये खडक खडखडीत वाळलेला असलाच पाहिजे. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेले आम्ल मारावे.

खडक उकळण्याची कल्पना सोपी वाटते. ती जिवावर बेतू शकते. झोअँथिड या प्रवाळसदृश जिवांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. असे जीव चिकटलेले खडक उकळल्याने वाफेवाटे विषबाधा होऊन माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशांत घडल्या आहेत.

स्वच्छ झालेला खडक आता निर्जीव असतो. तो झाकण असलेल्या पिंपात, १.०२५ विशिष्ट गुरुत्वाच्या खाऱ्या पाण्यात, अंधारात ठेवावा. अंधारामुळे शेवाळ धरत नाही. पाणी खेळते ठेवण्यासाठी पंप लावावा आणि निरोगी टाकीतील गाळणीचा थोडा स्पंज विरजणासारखा आत सोडावा. रत्नागिरीच्या हवेत वेगळ्या हीटरची गरज सहसा पडत नाही. समुद्राचे पाणी आणायचे असल्यास खाडीचे मुख व बंदर टाळून भरतीच्या वेळी भरावे. पावसाळ्यात ते गढूळ आणि कमी खारट होत असल्याने त्या चार महिन्यांत तयार मीठ वापरणेच बरे. दर आठवड्याला अमोनिया, नायट्राइट आणि फॉस्फेट मोजावे. याला सहसा काही आठवडे लागतात, कधी त्याहून अधिक. चिमूटभर खाद्य टाकून तयार झालेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला, नायट्राइटही उरले नाही आणि फॉस्फेट वाढेनासे झाले, की खडक टाकीत हलवता येतो.