चिपळूणकर, कृष्णशास्त्री

(१८२४–२० मे १८७८). मराठी ग्रंथकार, व्याकरणचिकित्सक आणि अरबी अद्‌भुतकथांचे मराठी भाषांतरकार. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचे वडील म्हणूनच ते अधिक ओळखले जातात. मुलाच्या तेजात बाप झाकोळला. मराठी गद्याचा विचार करता मात्र हा क्रम उलटा लावायलाही हरकत नाही.

जन्म पुण्याचा. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, तिथे त्यांचे अध्ययन झाले. मोरशास्त्री साठे हे त्यांचे गुरू. न्याय, अलंकार आणि धर्मशास्त्र या विषयांतील गतीमुळे विद्वन्मंडळीत त्यांना ‘बृहस्पती’ म्हणत. शास्त्राध्ययनानंतर ते इंग्रजीकडे वळले. त्या काळच्या शास्त्र्याला ही वाट सोपी नव्हती आणि सर्वांना मान्यही नव्हती. पुढे त्यांनी शिक्षणखात्यात भाषांतरकार, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य, दक्षिणा प्राइझ कमिटीचे चिटणीस आणि देशी वृत्तपत्रांचे सरकारी रिपोर्टर अशी कामे केली. सरकारी चाकरीत असले तरी मिशनऱ्यांच्या टीकेला उत्तर देणारे *विचारलहरी* हे पत्र त्यांनी १८५२ मध्ये चालवले.

त्यांच्या लेखनाचा पसारा मोठा आहे: सॉक्रेटिसाचे चरित्र (१८५२), *अर्थशास्त्रपरिभाषा* (१८५५), विविध विद्यांची तत्त्वे सांगणारा *अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह* (१८६१) आणि मेघदूताचे भाषांतर व अन्योक्ती असलेली *पद्यरत्नावली* (१८६५). सॅम्युअल जॉन्सनच्या *रासेलस*चे भाषांतर त्यांनी सुरू केले, विष्णुशास्त्र्यांनी ते पुरे केले.

यांतली बहुतेक पुस्तके आज अभ्यासकच उघडतात. *अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी* मात्र घराघरांत गेल्या. १८६१ पासून त्या भागाभागांनी निघू लागल्या आणि या कामात पुढे विष्णुशास्त्री व ह. कृ. दामले यांचाही हात लागला. नाव अरबीचे असले तरी भाषांतर इंग्रजीवरून केलेले आहे. रोज रात्री गोष्ट अर्धवट ठेवून जीव वाचवणारी शहाजादी, बाटलीतला राक्षस, सिंदबादच्या सफरी हा सगळा ऐवज त्यांनी शास्त्र्याच्या हातून क्वचितच उतरणाऱ्या मराठीत सांगितला. वाक्य कीर्तनकाराच्या कथेसारखे वाहते, तत्सम शब्द लागतील तिथेच येतात आणि बगदादचा बाजार वाचताना आपण बुधवार पेठेत उभे आहोत असे वाटू लागते. शालेय पुस्तकांच्या मराठीवर मेजर टॉमस कँडी यांची छाप होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. वेताळपंचविशी, सिंहासनबत्तिशी यांवर वाढलेल्या वाचकाला चमत्कार नवे नव्हते, इतक्या लांबीचे आणि इतक्या गतीचे गद्य नवे होते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची *मुक्तामाला* १८६१ चीच. तिच्यापासून सुरू झालेल्या अद्‌भुतरम्य कादंबऱ्यांच्या वाचकवर्गाला ही गोडी लावण्यात अरबी गोष्टींचा वाटा मोठा आहे. विसाव्या शतकात गौरी देशपांडे यांनी याच कथांच्या बर्टनकृत संपूर्ण इंग्रजी आवृत्तीचे सोळा खंडांत भाषांतर केले. ते अधिक पूर्ण आणि मोकळे आहे. तरी ‘सुरस व चमत्कारिक’ हे शब्द मराठीत जोडीनेच बोलले जातात ते कृष्णशास्त्र्यांमुळे.

भाषाभ्यासात त्यांचे महत्त्व *मराठी व्याकरणावरील निबंध* यामुळे आहे. ते *शालापत्रक* या नियतकालिकातून क्रमाने आले आणि लेखकाच्या मृत्यूनंतर १८९३ मध्ये पुस्तकरूप झाले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या व्याकरणाची (१८३६) शाळांवर सत्ता होती. कृष्णशास्त्र्यांनी त्यातल्या मतांची संस्कृत शास्त्राच्या शिस्तीने चिकित्सा केली. विभक्ती आणि प्रयोग हे त्यांचे खास विषय. ‘मुलगा आंबा खातो’ यात क्रियापद कर्त्यामागे जाते, ‘मुलाने पोळी खाल्ली’ यात कर्मामागे आणि ‘मुलाने मांजरीला मारले’ यात कोणाच्याच मागे जात नाही. इंग्रजी व्याकरणाचा साचा इथे अपुरा पडतो, संस्कृतचाही जसाच्या तसा बसत नाही. नियम पाठ करवण्यापेक्षा तो का मानावा हे विचारण्याची सवय या निबंधांनी लावली.

त्यांची मराठी अर्थात पुण्याची, शिष्टांची. ‘डोळा’ला ‘डोरा’ आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारी ब्रह्मपुरी-गडचिरोलीकडची झाडीबोली त्या व्याकरणाच्या कक्षेत येत नाही. हा भाग ज्यात मोडे तो चांदा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातही नव्हता. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर तो १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात गेला होता. बोली वगळण्याचा हा दोष एकट्या कृष्णशास्त्र्यांचा नव्हे, त्या साऱ्या व्याकरणपरंपरेचाच आहे.

*शालापत्रका*चे संपादन पुढे विष्णुशास्त्र्यांकडे आले आणि त्यांची लेखणी तिथेच तयार झाली. मोरो केशव दामले यांनी *शास्त्रीय मराठी व्याकरण* (१९११) लिहिताना कृष्णशास्त्र्यांची मते एकेक घेऊन तपासली; काही स्वीकारली, काही खोडली.